वार्तांचा मिथ्यायोग आणि बालमन

कौमारभृत्य हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक. बालरुग्ण समोर आला की आपण त्याचा आहार विचारतो, मलप्रवृत्ती विचारतो, निद्रा, दंतोद्भव, कृमी यांची चौकशी करतो. परंतु त्या बालकाच्या डोळ्यांपुढून व कानांवरून दिवसभरात काय गेले, याची पृच्छा आपल्यापैकी किती वैद्य करतात? पोटात गेलेल्या अन्नाची आपण जेवढी दखल घेतो, तेवढी इंद्रियांवाटे मनात गेलेल्या विषयांची घेत नाही. वस्तुतः आपल्या संहितांनी या दोहोंत असा भेद केलेला नाही. युद्ध, दहशतवादी हल्ले, महापूर, दरडी, साथी यांच्या वार्ता आज बालकांपर्यंत कोणत्याही गाळणीविना पोहोचतात. अशा प्रसंगी पालकांना योग्य मार्ग दाखविणे हा वैद्याच्या चिकित्साकर्माचाच भाग आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्या मताची कारणे येथे मांडीत आहोत.

दूरचे संकट आणि कोकणातील घर

जगात काही घडले तर रत्नागिरीसारख्या जिल्ह्यातील बालकास त्याचे काय, असा प्रश्न काहींना पडेल. तो कोकणाच्या अपरिचयातून आलेला आहे. येथील असंख्य घरांतील कर्ता पुरुष मुंबईस चाकरी करतो. खाडीपट्ट्यातील अनेक कुटुंबांतील माणसे आखाती देशांत आहेत, कित्येक तरुण व्यापारी जहाजांवर आहेत. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत गिळंकृत केले, तेव्हा ती बातमी आपल्याकडील अनेक घरांत परराष्ट्रघडामोड म्हणून आली नाही. वडिलांची ख्यालीखुशाली कळेनाशी झाली, या रूपात आली. २०२३च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा शाळकरी मुलांनी नकाशात तो समुद्र शोधला, कारण त्यांचे काका त्या मार्गाने जात होते.

११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या उपनगरी गाड्यांत स्फोट झाले. २६ नोव्हेंबर २००८ रोजी छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार झाला. त्या स्थानकाच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या प्रतीक्षागृहात बोचकी व आंब्याच्या पेट्या घेऊन बसणे हा कोकणी कुटुंबाच्या सुटीचाच एक भाग असतो. दूरचित्रवाणीवर दिसणारी ती रक्ताळलेली फरशी आपल्या मुलांच्या ओळखीची होती. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे २६ जणांची हत्या झाली. त्यांत महाराष्ट्राचे सहा जण होते. त्यानंतर ७ मे रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव योजण्यात आला, त्या यादीत रत्नागिरीचेही नाव होते. भोंगा वाजणार, दिवे मालवावे लागणार, ही चर्चा घराघरांत झाली. तेव्हा ‘आता आपल्यावर बॉम्ब पडणार का?’ हा प्रश्न बालकाने विचारला, तर त्यास भित्रेपणा म्हणता येत नाही. तो त्याच्या बुद्धीस साजेसा तर्क आहे.

याखेरीज आपल्याच जिल्ह्यातील आपत्ती आहेत. २ जुलै २०१९च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील धरण फुटून वीसच्या आसपास माणसे प्राणास मुकली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडच्या बागा उन्मळून टाकल्या. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर बुडाले आणि त्याच सुमारास खेड तालुक्यात पोसरे येथे दरड कोसळली. २००५च्या जुलैतील पूर ज्यांनी बालपणी पाहिला, तेच २०२१मध्ये आपली मुले कडेवर घेऊन माळ्यावर चढले.

संहिता काय सांगतात?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, तिस्रैषणीय अध्यायात, असात्म्येंद्रियार्थसंयोग हे रोगाच्या तीन आयतनांपैकी एक म्हणून सांगितले आहे. त्याचे अतियोग, अयोग व मिथ्यायोग असे तीन प्रकार आपण सर्वजण विद्यार्थिदशेत पाठ केलेले आहेत. परीक्षेपुरते पाठ केलेले हे प्रकरण पुन्हा उघडून पाहावे, अशी आमची विनंती आहे. दर्शनाच्या मिथ्यायोगात आचार्यांनी उग्र, भयंकर, बीभत्स, विकृत व त्रासदायक रूपांचे दर्शन गणले आहे. श्रवणाच्या मिथ्यायोगात कठोर शब्द, प्रियजनांच्या नाशाची वार्ता व भय उत्पन्न करणारे शब्द यांची गणना केली आहे. दूरचित्रवाणीचा वा भ्रमणध्वनीचा पडदा त्या काळी नव्हता. तरीही वार्तावाहिन्यांच्या एखाद्या सायंकाळचे वर्णन याहून नेमके करता येणार नाही.

अतियोगाचा दोष आधुनिक साधनांनी वाढविला आहे. तीच इमारत, तेच ज्वलन, तोच आक्रोश दिवसातून शेकडो वेळा दाखविला जातो. प्रौढास कळते की हे पुनःप्रक्षेपण आहे. चार-पाच वर्षांच्या बालकास मात्र प्रत्येक दर्शन ही नवी घटना वाटू शकते. ११ सप्टेंबर २००१च्या न्यूयॉर्कमधील हल्ल्यानंतर अमेरिकेत जी पाहणी झाली, तीत घटनास्थळापासून शेकडो मैल दूर असलेल्या बालकांतही भयाची लक्षणे आढळली होती आणि दूरचित्रवाणीपुढे अधिक काळ बसलेल्या मुलांत ती अधिक होती. ज्यास आपण मिथ्यायोगयुक्त अतियोग म्हणू, तेच त्या पाहणीने आपल्या भाषेत नोंदविले.

आता अयोगाकडे वळू. इंद्रियाचा विषयाशी मुळीच संयोग न होणे, असा त्याचा मूळ अर्थ आहे. तो थोडा विस्तारून आम्ही येथे घेत आहोत. मुलांपासून सर्व काही लपवावे, असे अनेक सुविद्य पालकांना वाटते. मूल खोलीत आले की संभाषण थांबते, आवाज खाली येतो, आजी डोळे पुसते. मुलास एवढे मात्र निश्चित कळते की काहीतरी भयंकर घडले आहे आणि त्याविषयी विचारणे निषिद्ध आहे. उरलेली जागा ते स्वतःच्या कल्पनेने भरते आणि ती कल्पना प्रत्यक्षाहून पुष्कळदा अधिक विक्राळ असते. शिवाय शाळेच्या व्हॅनमध्ये, मैदानावर, भावंडांच्या मोबाईलवर अर्धीमुर्धी माहिती मिळतच असते. म्हणून संपूर्ण मौन हेही आम्ही अपथ्यच मानतो.

अर्ध्या माहितीचे एक उदाहरण आपल्या जिल्ह्यातीलच आहे. तिवरे धरण फुटल्यानंतर तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचे विधान केले. मोठ्यांनी त्यावर संताप केला, विनोद केले, आंदोलनेही केली. पण पावसाळी रात्री बत्ती घेऊन मुठे पकडावयास जाणाऱ्या कोकणातील मुलाने त्यातून काय अर्थ घ्यावा? आपल्या व्हाळातील खेकडेही एके रात्री आपले घर वाहून नेतील, हाच. त्याला साधे सत्य सांगणे अवघड नव्हते. धरण मातीचे होते. त्यातून पाणी गळत असल्याच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. गळती वेळीच नीट रोखणे हे मोठ्या माणसांचे काम होते आणि ते पुरेसे झाले नाही. म्हणून आता इतर धरणे तपासावयास हवीत. या उत्तरात दुःख आहे, पण त्यास कार्यकारणाची चौकट आहे. चौकटीत बसलेले भय बालकास पेलता येते.

आपल्या समाजास हे नवे नाही. दापोली तालुक्यातील पालगडला जन्मलेल्या साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. तीत कर्ज आहे, अपमान आहे, आईचा मृत्यू आहे. महाराष्ट्राच्या पिढ्यान्पिढ्यांनी ती मुलांच्या हाती निःशंकपणे दिली. दुःख मुलांना सांगूच नये, अशी आपली रीत कधीच नव्हती. ते कोणी, केव्हा व कोणत्या मायेने सांगावे, याचा विवेक मात्र होता.

वयानुरूप मात्रा

सुश्रुताचार्यांनी सोळा वर्षांपर्यंतच्या बालकांचे क्षीरप, क्षीरान्नाद व अन्नाद असे तीन भेद केले आहेत. ज्याचा अग्नी जसा, तसे त्याचे अन्न. वार्तेसही हाच न्याय लावावा, असे आम्ही पालकांना सांगतो आणि त्यांना तो चटकन पटतो.

पाच-सहा वर्षांपर्यंतच्या बालकास घटनेची गरज नसते, आश्वासनाची असते. त्याच्यासमोर वार्तावाहिनी लावूच नये. त्याने काही ऐकलेच असेल, तर दोन वाक्यांत सांगावे आणि जवळ घ्यावे. सहा ते अकरा वर्षांच्या मुलास कारण हवे असते. त्यास नकाशा दाखवावा, अंतर दाखवावे, मदतीस कोण धावले ते सांगावे. पुरात नावा घेऊन आलेले जवान, रस्त्यावरील चिखल उपसणारे बाहेरगावचे तरुण, डबे पाठविणाऱ्या गृहिणी हेही त्याच घटनेचे भाग आहेत. वार्तेत ते कमी दिसतात, एवढेच. बारा वर्षांपुढील मुलांशी चर्चा करावी. त्यांच्या हाती मोबाईल असतोच. तेव्हा ‘पाहू नकोस’ म्हणण्यापेक्षा ‘काय पाहिलेस, खरे कशावरून?’ असे विचारणे अधिक हितावह. जुन्या वा अन्य देशांतील चित्रफिती नव्या म्हणून फिरविल्या जातात, हे या वयात त्यांना समजावून द्यावे.

सर्व वयांच्या बालकांच्या मनात बहुधा तीनच प्रश्न असतात. काय झाले? आपल्याला होईल का? झाले तर माझ्याजवळ कोण असेल? पहिल्याचे उत्तर थोडके व खरे असावे. दुसऱ्याचे उत्तर देताना पालक हमखास चुकतात. ‘काही होणार नाही’ असे ते छातीठोकपणे सांगतात. चिपळूणच्या मुलास ‘पुन्हा पूर येणार नाही’ असे सांगणे म्हणजे पुढील पावसाळ्यात आपली विश्वासार्हता गमावणे होय. त्याऐवजी ‘पूर येऊ शकतो, आलाच तर आपण कोणाकडे जायचे, काय न्यायचे, हे आपण ठरविले आहे’ असे सांगावे आणि खरोखरच ठरवावे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शब्दांपेक्षा नित्यक्रमाने द्यावयाचे असते. जेवणाची वेळ, शाळा, सायंकाळची पर्वचा, निजण्यापूर्वीची गोष्ट, पायांना तेल लावणारा आईचा वा आजीचा हात, हे मोडू देऊ नये. घराची घडी शाबूत आहे, हे मुलास त्यातून उमगते.

विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय येथे स्मरतो. कांपिल्य नगरीत, गंगेच्या तीरावर, भगवान पुनर्वसू आत्रेय येऊ घातलेल्या संकटाची चिन्हे शिष्य अग्निवेशास दाखवितात. ते संकट लपवीत नाहीत आणि शिष्यास भयभीतही करीत नाहीत. भूमी नीरस होण्यापूर्वी औषधी संग्रहित करून ठेवा, असे काम नेमून देतात. शिष्याच्या शंकांना सविस्तर उत्तरे देतात. संकटाविषयी कसे बोलावे, याचा याहून उत्तम पाठ आम्हास ठाऊक नाही. मुलालाही त्याच्या शक्तीनुसार काम द्यावे. विजेरीतील सेल तपासणे, कागदपत्रांची पिशवी उंचावर ठेवणे, पूरग्रस्त शाळेसाठी वह्या गोळा करणे. हातांना काम मिळाले की मनाची अगतिकता कमी होते.

दोन अपथ्ये

पहिले अपथ्य म्हणजे भीती हे शिस्तीचे साधन बनविणे. बालक रडत असेल वा जेवत नसेल तरी त्यास राक्षस-पिशाचादिकांची नावे घेऊन भिववू नये, असे चरकाचार्यांनी शारीरस्थानात स्पष्ट बजाविले आहे. सुश्रुतांनी तर झोपलेल्या बालकास एकाएकी उठवूही नये, असे सांगितले आहे. आपण काय करतो? बागुलबुवा जुना झाला म्हणून ‘जेव, नाहीतर पोलीस नेतील’, ‘हट्ट केलास तर डॉक्टर सुई देतील’ असे म्हणतो आणि अलीकडे त्यात अतिरेक्याचीही भर पडली आहे. संकटसमयी ज्या पोलिसाकडे व ज्या वैद्याकडे मुलाने धावत जावे, त्यांचीच भीती आपण आधी पेरून ठेवतो. आपल्या दवाखान्यात कोणी पालक असे बोलला, तर वैद्याने तेथल्या तेथे, परंतु सौम्यपणे, त्यास थांबविले पाहिजे.

दुसरे अपथ्य अधिक घातक आहे. हल्ला झाला की घरातील मोठी माणसे एका संपूर्ण समाजास दोषी ठरवून बोलू लागतात. मूल ते ऐकते आणि दुसऱ्या दिवशी त्याच समाजातील सोबत्याशेजारी वर्गात बसावयास नकार देते. आमच्या जिल्ह्यात हिंदू व मुसलमान मुले एकाच बाकावर शिकतात. आमच्या प्रतीक्षाकक्षातही एकाच बाकावर बसतात. ज्या मुलाचा त्या कृत्याशी काडीचा संबंध नाही, त्यास बोट दाखविले जाते तेव्हा तेही आघातग्रस्तच होते. द्वेष करणाऱ्याच्या मनात रजोगुण वाढतो आणि द्वेषाच्या लक्ष्याच्या मनात भय व विषाद. रोगी मात्र दोन होतात. गुन्हा करणाऱ्याचे नाव गुन्हेगार एवढेच आहे, हे मुलास स्पष्ट शब्दांत सांगणे हे आम्ही मानसिक पथ्य समजतो. यात राजकारण शोधू नये.

चिकित्सेची मर्यादा

भीती शरीरात उतरते, हे आयुर्वेदास सांगावयास नको. चरकांनी अतिसाराच्या सहा प्रकारांत भयज व शोकज हे दोन प्रकार स्वतंत्र मानले असून त्यांत वातहर उपक्रमासह हर्षण व आश्वासन ही चिकित्सा सांगितली आहे. रोग वाढविणाऱ्या भावांत विषादास त्यांनी अग्रस्थान दिले आहे. २०२१च्या पुरानंतर पाऊस जोराने लागला की पोट बिघडणारी, रात्री दचकून उठणारी, सुटलेली शय्यामूत्राची सवय पुन्हा जडलेली बालके आमच्याकडे आली. त्यांतील सुमारे आठ वर्षांची एक बालिका प्रतिदिनी निजण्यापूर्वी दप्तर कपाटावर ठेवण्याचा हट्ट धरी व ठेवले नाही तर रडे. पालक त्यास वेड समजत होते. तिचे दप्तर पुरात गेले होते. तिचे वागणे सर्वस्वी तर्कशुद्ध होते. दप्तरासाठी उंचावर एक फळी ठोकून द्या, ते ठेवताना तिच्यासोबत उभे राहा आणि तिला पुराची हकीकत हवी तितक्या वेळा सांगू द्या, एवढेच आम्ही सुचविले. पथ्यकर आहार व किंचित दीपन-पाचन याखेरीज औषध दिले नाही. आश्विन उलटेपर्यंत तिचे पोट स्थिर झाले होते.

हे सांगण्याचे कारण असे की आपल्यापैकी काहीजण असे बालक समोर येताच ब्राह्मी, शंखपुष्पी वा सारस्वतारिष्ट लिहून मोकळे होतात. या कल्पांचे मेध्यत्व आम्ही नाकारीत नाही. परंतु भ्यालेले बालक हे रोगी असतेच असे नाही. बाटली हाती दिली की पालकांस कर्तव्य संपल्यासारखे वाटते आणि बालकास आपल्यात काही बिघडले आहे असे वाटू लागते. सत्त्वावजय म्हणजे अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह. त्यास वैद्याचा वेळ लागतो, आणि वेळेचे मोल औषधाप्रमाणे मोजता येत नाही म्हणून तो द्यावयाचा नाही, हे शास्त्रास धरून नाही.

दृष्ट काढणे, ग्रामदेवतेस गाऱ्हाणे घालणे हे उपाय घराघरांत होतात. त्यांची थट्टा करू नये. त्यांत आजीचा स्पर्श व कुटुंबाची एकजूट असते. मात्र ‘तुला काहीतरी बाधले आहे’ असे बालकास सांगितले जात असेल अथवा उपचारास विलंब होत असेल, तर ठामपणे विरोध करावा.

आपली मर्यादाही ओळखावी. महिना उलटूनही मूल नीट झोपत नसेल, शाळेत जात नसेल, बोलेनासे झाले असेल, घटना पुनःपुन्हा जशीच्या तशी डोळ्यांपुढे येत असेल, स्वतःस इजा करण्याचे वा मरणाचे बोलत असेल, अथवा त्याने प्रत्यक्ष आप्त गमावला असेल, तर मानसरोगतज्ज्ञाकडे पाठविण्यात क्षणाचाही संकोच नको. मरणाचे बोलणाऱ्या मुलाबाबत तर महिन्याची वाट पाहूच नये. रत्नागिरीत शासनाचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्याच्या नावाभोवती जी कुजबूज आहे ती आपल्या शब्दानेच कमी होईल, कारण लोक तज्ज्ञापेक्षा आपल्या वैद्याचे आधी ऐकतात. २०२२पासून सुरू झालेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ व बालकांसाठीचा १०९८ हे क्रमांक प्रत्येक दवाखान्यात दर्शनी भागी लावलेले असावेत.

एक आक्षेप व काही सूचना

‘पूर्वीच्या मुलांनी प्लेग पाहिला, दुष्काळ पाहिले, त्यांना कोणी समजावीत बसले नाही, मुलांना इतके जपून दुर्बल करू नका’ असे एका ज्येष्ठ वैद्यमित्राने आम्हास ऐकविले. आक्षेप विचारार्ह आहे. मुलांस काचेच्या कपाटात ठेवावे, असे आमचेही म्हणणे नाही. परंतु पूर्वीच्या बालकाने आपल्या गावाचे संकट पाहिले आणि ते वीस माणसांच्या एकत्र घरात राहून पाहिले. आजच्या बालकापुढे सर्व जगाची संकटे एकाच वेळी येतात, आणि ती पाहताना ते पुष्कळदा बंद खोलीत एकटे असते. सत्त्वबल व्यायामासारखे अर्धशक्तीने वाढवावयाचे असते. भार एकदम टाकला तर बल वाढत नाही, क्षय होतो.

शेवटी आपल्या संघटनेपुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, प्रत्येक सभासदाने आपल्या प्रतीक्षाकक्षातील वार्तावाहिनी आजपासून बंद करावी. ज्वराने तापलेल्या बालकास तेथे अर्धा तास युद्धाची दृश्ये पाहावयास लावणे हे आपल्या हातून होऊ नये. दुसरी, बालरुग्णपत्रकात आहार-विहाराच्या जोडीने ‘दर्शन-श्रवण’ असा एक रकाना घालावा. तिसरी, दरवर्षी जूनमध्ये, पाऊस स्थिरावण्यापूर्वी, तालुक्यातालुक्यांत पालक व प्राथमिक शिक्षक यांच्यासाठी एक तासाचे व्याख्यान ठेवावे. चिपळूण, खेड व संगमेश्वर या नदीकाठच्या तालुक्यांपासून आरंभ व्हावा. व्याख्यानाची टिपणे आम्ही तयार करून देऊ. सभासदांनी आपली मते व अनुभव पुढील अंकासाठी अवश्य कळवावेत.